परिषदेत स्कीम मिळते, अंदाज मिळतो. तुम्ही मात्र माणसं घेऊन या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इलेक्ट्रिकल व्यापाराच्या विभागीय परिषदेबद्दल बोललो. वेळ कमी पडला, आकडेमोड राहून गेली. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचा धंदा इलेक्ट्रिकलचा नसला तरी वाचा, कारण हार्डवेअर, प्लंबिंग, पेंट, शेतीची औषधं, सगळीकडे खेळ हाच आहे.

सुरुवात एका फोनपासून करतो. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात अशीच एक परिषद चालू होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उमरेडच्या एका मुलाचा फोन आला. नऊ वर्षं वायरमनचं काम केलेलं, आता स्वतःचं दुकान टाकायचं. जवळ 8 लाख रुपये, त्यातले 3 लाख आईच्या दागिन्यांवर घेतलेलं गोल्ड लोन. म्हणाला, "सर, वायरची एजन्सी भेटते आहे जी. 4 लाखाचा माल उचलला तर 3 टक्के जास्तीची स्कीम. पण आज संध्याकाळपर्यंतच आहे म्हणते. स्टेजवर पण सांगितलं, तांबं अजून वाढणार आहे. चेक देऊन देऊ का?"

तुम्ही असता तर काय केलं असतं? उत्तर लगेच देऊ नका. आधी अशा परिषदेत नेमकं काय मिळतं, ते बघू.

स्टेजवरून दोन गोष्टी मिळतात, त्या वेगळ्या करा

परिषदेत पहिला कार्यक्रम असतो येणाऱ्या वर्षाच्या अंदाजाचा. पडद्यावर बाण वर जातात, टाळ्या वाजतात, आपण मोबाईलवर फोटो काढतो. तो फोटो पुन्हा कधी उघडून बघत नाही, हेही खरं!

त्या भाषणात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक अंदाज आणि दुसरी तारीख.

अंदाज म्हणजे "तांबं वाढेल", "मागणी दुप्पट होईल". बोलणारा हुशार असतो, पण भविष्य त्यालाही दिसत नाही. उदाहरण घ्या. मे 2024 मध्ये लंडन मेटल एक्सचेंजवर तांब्याने टनाला 11,000 डॉलरची पातळी ओलांडली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, आता थांबत नाही. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तोच भाव 9,000 डॉलरच्या खाली आला होता. अडीच-तीन महिन्यांत एवढा फरक. नंतर भाव पुन्हा चढलाही. पण ज्याने मे महिन्यात उसने पैसे घालून गोडाऊन भरलं, त्याला वाट बघायला व्याज भरावं लागलं. मोठा व्यापारी थांबू शकतो. तुमचा-माझा हप्ता थांबत नाही.

तारीख म्हणजे नियम बदलण्याचा दिवस. 18 जुलै 2022 ला एलईडी दिव्यांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. 1 जानेवारी 2023 पासून सीलिंग फॅनला स्टार रेटिंग सक्तीचं झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर पॅनलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि एसीवरचा 28 वरून 18 वर. या गोष्टींत अंदाज लावायचा काहीच नाही. तारीख आधी कळली तर कोणता माल आधी काढायचा आणि कोणता नंतर मागवायचा, एवढंच ठरवायचं असतं.

म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे अंदाज, उजवीकडे तारखा. उजव्या बाजूवर काम करा. डाव्या बाजूवर कर्जाचे पैसे लावू नका. भाषण दोन तासांचं असलं तरी उजवीकडे तीन-चार ओळीच येतील. त्या तीन-चार ओळींतच तुमच्या रजिस्ट्रेशन फीचे पैसे वसूल झाले असं समजा.

"विदर्भात एवढी गुंतवणूक येते आहे." बरं, माझ्या काउंटरवर काय येतंय?

नागपूरच्या कोणत्याही व्यासपीठावर हे ऐकायला मिळतं, आणि ते खोटं नाही. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. मेट्रोच्या सुमारे 44 किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी आहे. मिहान आहे, बुटीबोरी आहे, हिंगणा आहे. शहराच्या आजूबाजूला कोराडी, खापरखेडा, मौदा अशी मोठमोठी वीज केंद्रं आहेत. 2024 पासून 'ॲडव्हांटेज विदर्भ' सारखा मोठा औद्योगिक महोत्सवही आपल्याकडे भरतो.

पण जरा थांबा. मोठा कारखाना त्याची केबल तुमच्या दुकानातून घेणार आहे का? नाही. तो माल कंपनीकडून किंवा मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडून थेट साइटवर उतरतो. मग छोट्या दुकानाकडे काय येतं? कारखान्याजवळ भाड्याच्या खोल्या उठतात, त्यांचं वायरिंग येतं. ठेकेदाराला रात्री आठ वाजता चार एमसीबी कमी पडतात, ते येतं. जळालेली मोटर, तुटलेला स्टार्टर, बदलायचा होल्डर येतो. हा धंदा लहान दिसतो, पण रोजचा असतो आणि बहुतेक वेळा रोखीचा असतो.

नागपूरमधलं खरं चालणारं उदाहरण म्हणजे छतावरचं सोलर. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी 1 किलोवॉटला 30,000, 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किलोवॉट किंवा जास्तीला 78,000 रुपये अनुदान आहे. महाराष्ट्रात या कामात नागपूर जिल्हा पुढे आहे. आता वितरकाच्या नजरेने बघा. पॅनल बसवायचं काम नोंदणी असलेल्या व्हेंडरचं. पण त्या व्हेंडरला डीसी केबल, एसीडीबी, डीसीडीबी, अर्थिंगचं सामान, लाइटनिंग अरेस्टर, कनेक्टर कोणीतरी द्यायचं असतं. तो कोणीतरी तुम्ही होऊ शकता.

लगेच उडी मारायची का? त्याआधी एक गोष्ट समजून घ्या. अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात जातं, व्हेंडरच्या नाही. म्हणजे व्हेंडरचे पैसे ग्राहकाकडून किंवा बँकेच्या कर्जातून येतात, आणि ते आल्यावर तो तुम्हाला देणार. किती दिवसांनी? हे स्टेजवरून कोणी सांगणार नाही. हे चहाच्या टेबलावर कळतं. म्हणून आता चहाच्या टेबलाकडे जाऊ.

ओळख कोणाशी करायची? शेजाऱ्याशी नाही, भंडाऱ्याच्या माणसाशी

बहुतेक जण काय करतात? शंभर व्हिजिटिंग कार्डं छापतात, साठ वाटतात, पन्नास घेऊन येतात आणि ड्रॉवरमध्ये टाकतात. मीही सुरुवातीला हेच केलं. रबर लावलेला गठ्ठा दोन वर्षांनी सापडला, तेव्हा त्यातला एकही चेहरा आठवत नव्हता.

आता मी फक्त पाच माणसं ठरवून जातो. तुमच्यासाठी यादी अशी:

पहिली दोन माणसं तुमच्याच धंद्यातली, पण दुसऱ्या जिल्ह्यातली. तुम्ही उमरेडचे असाल तर भंडारा, वर्धा, चंद्रपूरचा दुकानदार शोधा. तुमच्या गल्लीतला दुकानदार खरा रेट सांगणार नाही, आणि त्याने का सांगावा? भंडाऱ्याच्या माणसाला तुमची भीती नाही. तो दहा मिनिटांत ते सांगेल जे शिकायला तुम्हाला दोन वर्षं लागतील.

तिसरा माणूस मोठ्या डिस्ट्रिब्युटरचा हिशोब बघणारा. मालक गोड बोलतो. कोणती पार्टी वेळेवर पैसे देते, क्रेडिट नोट कधी येते, कोणता माल परत येतो, हे हिशोबवाल्याला पाठ असतं. तो कोणाचं नाव घेणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. पण "भाऊ, आमच्यासारख्या नवीन दुकानदाराची जास्तीत जास्त चूक कुठे होते?" असं विचारलं तर मनापासून सांगतो.

चौथा माणूस कंपनीचा सेल्स ऑफिसर. आणि पाचवा संघटनेतला कोणीतरी जुना सभासद. नागपुरात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन 1963 पासून आहे, व्यापाऱ्यांसाठी नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आहे, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या उद्योजकांच्या आपापल्या संघटना आहेत. यांच्या सभा वर्षभर होतात. परिषद वर्षातून एकदा येते, पण ओळख पक्की होते ती अशा छोट्या सभांमध्ये.

या पाचही जणांना जाण्याआधी फोन करा आणि वेळ ठरवा. अमेरिकेत इलेक्ट्रिकल वितरकांची राष्ट्रीय संघटना 1908 पासून आहे. तिच्या विभागवार परिषदा होतात, आणि कंपन्या व वितरक ठरलेल्या वेळी समोरासमोर बसतात. आपल्याकडे अशी सोय नसेल तर आपण स्वतः करायची. "दादा, उद्या जेवणानंतर पंधरा मिनिटं बसू का?" एवढंच वाक्य पुरतं.

विचारायचं काय?

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा.

1. तुमच्याकडे कोणता माल महिन्याभरात फिरतो आणि कोणता सहा महिने पडून राहतो?
2. ठेकेदार आणि वायरमन यांच्याकडून पेमेंट प्रत्यक्षात किती दिवसांनी येतं?
3. गेल्या सहा महिन्यांत गिऱ्हाईक असं काय मागायला लागलं जे आधी मागत नव्हतं?

विचारण्याआधी आपला आकडा सांगा. "आमच्याकडे वायरमन दीड महिन्याने देतो, तुमच्याकडे?" असं म्हटलं की समोरचा मोकळा होतो. नुसतं विचारत सुटलात तर त्याला वाटेल इन्कम टॅक्सवाला आला!

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. साधा सीलिंग फॅन 70-75 वॉट घेतो, बीएलडीसी फॅन साधारण 28 ते 35 वॉट. वीजबिलाचा हा फरक गिऱ्हाईक काउंटरवर बोलून दाखवतो, तेव्हा तो अहवालात यायचा असतो. काउंटरला बाजार आधी कळतो. दिल्लीच्या भगीरथ पॅलेस मार्केटमध्ये 1958 मध्ये किमत राय गुप्ता यांनी इलेक्ट्रिकल मालाचा व्यापार सुरू केला आणि 1971 मध्ये 'हॅवेल्स' हे नाव विकत घेतलं. तिथून कारखाने उभे राहिले. सुरुवात काउंटरपासूनच झाली होती.

आता सेल्स ऑफिसरचे प्रश्न. हे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा:

1. रेट उतरला तर माझ्याकडच्या पडलेल्या मालावर फरकाची क्रेडिट नोट देता का?
2. न फिरलेला माल परत घेता का? किती दिवसांत?
3. माझ्या गावात अजून किती काउंटर देणार?
4. हे सगळं लेखी देता का?

चौथ्या प्रश्नावर चेहरा बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

उधारीचा हिशोब: इथे दुकानं बसतात

आता उमरेडच्या मुलाचा हिशोब करू. 8 लाखांतले 2 लाख डिपॉझिट, फर्निचर आणि बोर्डाला. उरले 6 लाख. 4 लाखांची वायर घेतली तर स्विच, एमसीबी, फॅन, बल्ब, पाइप या सगळ्याला उरले 2 लाख. म्हणजे दुकान वायरचं झालं, आणि गिऱ्हाईक होल्डर मागायला येऊन रिकाम्या हाताने परत गेलं.

स्कीमचा फायदा 4 लाखांवर 3 टक्के, म्हणजे 12,000 रुपये. वायरच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा तांब्याचा. समजा रेट 10 टक्के उतरला, तर पडलेल्या मालावर 40,000 चा फटका. वाढला तर तेवढाच फायदा, मान्य. पण मग हा दुकानाचा धंदा राहिला नाही, आईच्या दागिन्यांवर खेळलेला सट्टा झाला.

पुढे बघा. महिन्याला 3 लाखांची विक्री, त्यातली अर्धी 60 दिवसांच्या उधारीवर. म्हणजे कायम 3 लाख रुपये बाजारात अडकलेले. 6 लाखांचं भांडवल, त्यातलं निम्मं लोकांच्या खिशात! मार्जिन सरासरी 8 टक्के धरलं तर महिन्याचे 24,000, त्यातून भाडं, वीज आणि गोल्ड लोनचं व्याज. एखाद्या ठेकेदाराने 24,000 बुडवले तर ते भरून काढायला पुन्हा 3 लाखांचा माल विकावा लागतो. आणि नियमित जीएसटीत असाल तर बिल फाडलं की टॅक्स भरायचा, पेमेंट आलं असो वा नसो.

इथे अनेकांचा एक गैरसमज आहे. "सर, माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, 45 दिवसांत पैसे मिळण्याचा कायदा आहे ना?" नीट ऐका. 2006 च्या एमएसएमई कायद्यातलं हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून उद्यममध्ये नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिरा पेमेंटवाल्या तरतुदीचा फायदा व्यापाऱ्याला नाही.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. तुम्ही हिंगण्यातल्या एखाद्या छोट्या पॅनल बनवणाऱ्याकडून माल घेतला आणि त्याची उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर त्याचे पैसे तुम्हाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. 2023-24 पासून आयकरातही याचा परिणाम होतो. तुम्हाला तो लागू आहे का, हे तुमच्या सीएला विचारा.

म्हणजे छोटा वितरक मधोमध उभा आहे. द्यायचे पैसे कायद्याने बांधलेले, घ्यायचे पैसे शब्दावर. म्हणून ओळखी या धंद्यात शोभेच्या नाहीत. कोण वेळेवर देतो आणि कोण फिरवतो, ही माहितीच तुमचं संरक्षण आहे, आणि ती माणसांकडूनच मिळते.

परत आल्यावर तीन दिवस

खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. त्याच रात्री प्रत्येक कार्डाच्या मागे एक ओळ लिहा: माणूस काय म्हणाला. तीन दिवसांच्या आत मेसेज करा, पण "गुड मॉर्निंग"चं फूल पाठवू नका. "दादा, तुम्ही सांगितलेला अर्थिंगच्या सामानाचा मुद्दा बरोबर निघाला, आमच्या दोन व्हेंडरना विचारलं" असं लिहा. तुम्ही काही कबूल केलं असेल, एखादा नंबर, एखादी रेट लिस्ट, तर आधी ते पाठवा. महिन्याने एक फोन करा, ज्यात तुम्हाला काहीच मागायचं नाही. व्यापारात शब्द पाळणारा माणूस लक्षात राहतो, कार्ड राहत नाही.

आणि त्या मुलाचं काय झालं?

मी त्याला म्हटलं, "चेक खिशात ठेव. सेल्स ऑफिसरला ते चार प्रश्न विचार आणि मग दुसऱ्या जिल्ह्याचा एक दुकानदार शोध." संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिल्या दोन प्रश्नांना "बघू ना, आपण आहोत ना" असं उत्तर मिळालं. लेखी द्यायला नकार. मग पार्किंगजवळ त्याला भंडाऱ्याचे एक काका भेटले, चाळीस वर्षांचं दुकान. ते म्हणाले, "बाबू, पहिल्या वर्षी माल कमी ठेव, प्रकार जास्त ठेव. वायर नागपूरहून दुसऱ्या दिवशी येते. गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येत नाही."

त्याने 4 लाखांची वायर घेतली नाही. 60,000 ची घेतली, स्कीमशिवाय. दुकान दिवाळीला उघडणार होतं, ते संक्रांतीला उघडलं. रेट वाढला असता तर त्याचा फायदा हुकला असता, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. पण त्याची झोप उडाली नाही आणि काउंटरवर होल्डर मागणारा माणूस होल्डर घेऊन गेला. भंडाऱ्याच्या काकांना तो आजही महिन्यातून एकदा फोन करतो.

तुमचा गृहपाठ

पुढची परिषद येण्याची वाट बघू नका. या रविवारी दुसऱ्या तालुक्यातल्या, तुमच्याच धंद्यातल्या एका दुकानदाराकडे जा. सोबत तर्री पोहे खा, आपला एक आकडा सांगा आणि ते तीन प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहा, उजव्या बाजूला.

पुढच्या व्हिडिओत आपण उधारीची वही कशी ठेवायची ते बघू. तोपर्यंत संध्याकाळपर्यंतची कोणतीही स्कीम आली, तर एक रात्र मध्ये जाऊ द्या. भेटू लवकरच!